धार मोडताना

घरी बनवलेल्या आर्केड पॅनेलवर, म्हणजे व्हिडिओ गेमची बटणं आणि स्टिक बसवलेल्या फळीवर, दुपारभर खेळून उठलं की मनगटाच्या आतल्या बाजूला एक तांबडी रेघ उमटलेली दिसते. पट्टीने आखल्यासारखी सरळ. बटण ३० मिलिमीटरचं की २४ चं, स्टिकची स्प्रिंग कडक की मऊ, यावर माणसं महिनाभर काथ्याकूट करतात. आणि हात ज्यावर तासन्‌तास टेकतो ती अ‍ॅक्रिलिकची पुढची कड मात्र दुकानातून कापून आली तशीच!

रुपयाचं नाणं टाकून खेळायच्या पार्लरात हे कुणाला टोचलं नाही. तिथल्या कडा गिऱ्हाइकांच्या मनगटांनीच घासून गुळगुळीत झालेल्या असायच्या. घरच्या पॅनेलला एवढी मनगटं कुठून आणायची? म्हणून मग पॉलिशपेपर.

खाली १८ मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी), त्यावर छापील चित्र, वर ३ मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक, हा नेहमीचा थर. वरचा संरक्षक कागद सगळा सोलायचा नाही. कडेपासून बोटाच्या पेराएवढाच उलटायचा, नाहीतर धार मोडेपर्यंत पॅनेलच्या दर्शनी बाजूवर ओरखडे. आधी हॅक्सॉ ब्लेडची बिनदाताची पाठ कडेवर जवळजवळ उभी धरून एकाच दिशेने ओढायची. पातळ, कुरळी साल निघू लागली की हात बसला म्हणायचं. जोर जास्त झाला की ब्लेड थरथरतं आणि कडेवर बारीक लाटा उठतात. त्या नंतर घासून घालवताना जीव जातो.

मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला २२० नंबरचा कागद, पुढे ४००, ६००, ८००. चारशेपासून पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. घाईत मधला नंबर गाळला तर २२० चे पांढरे ओरखडे शेवटपर्यंत डोळ्यांत खुपतात. वरचा कोपरा आधी पंचेचाळीस अंशांत मिलिमीटरभर उतरवायचा, मग तो उतारच गोल करायचा. खालचा कोपरा मात्र फक्त बोचणार नाही इतकाच. तिथे गोलाई दिली की लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकच्या मध्ये खाच राहते, आणि तिच्यात घाम, धूळ, चिवड्याचे कण असा सगळा संसार साठतो.

कागद चिकट होऊन भरायला लागला तर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बहुधा एक्सट्रूडेड, म्हणजे फटीतून दाबून काढलेला, आहे. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या, पत्र्याचा भुगा कोरडा पडतो. हे प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. बफिंगचं, म्हणजे चकाकी आणायचं, फिरतं चाक एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी कड वितळते.

बटणांच्या भोकांना लोक हातच लावत नाहीत. भोक बटणाच्या कडीखाली झाकलं जातं, खरं आहे. पण आतला एखादा टवका तसाच राहिला आणि वरून नट आवळला की तडा तिथूनच धावतो. गुंडाळलेल्या ४०० च्या कागदाचे चार फेरे पुरतात.

नावाच्या पाट्या करणारे कडेवरून ज्योत फिरवतात, कड काचेसारखी लखलखते. पण उष्णतेचा ताण आत राहतो, आणि पुढे कुणी स्पिरिटने किंवा थिनरने पुसलं की कडेत केसासारख्या चिरा पसरतात. लेझरने कापलेल्या कडेचंही तेच. शिवाय लखलखाट हवा कशाला? ८०० नंबरवर थांबलेली दुधट कड बोटांचे ठसे दाखवत नाही. डोळ्याला विचारूच नये. कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकेल तिथे धार अजून शिल्लक आहे.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर हेच प्लास्टिक असे. गोळी लागली की त्याच्या किरचा वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत, पण डोळा त्या निमूट सहन करी. हे हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने हेरलं, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्याने मोतिबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच प्लास्टिकचं भिंग बसवलं. हल्लीच्या बऱ्याच भिंगांची मागची कड मुद्दाम चौकोनी, धारदार ठेवतात. त्या धारेपाशी पेशी अडतात, भिंगामागे सरकून नजर पुन्हा धूसर करत नाहीत. तिथे धार मोडायची नसते.