जुन्या गोव्यात बंदुकांच्या कारखान्याचा माग

बाबांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं काढली. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना आम्ही भावंडांनी बाहेरच्या भिंतीपर्यंतच पाहिला. भोंगा व्हायचा, सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि त्यात बाबा असायचे. आतलं ते घरी एक अक्षर बोलले नाहीत. डब्याबरोबर काडेपेटी न्यायची नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. ते गेल्यावर ती भिंत मनात जास्तच टोचायला लागली. अशा कारखान्यात पाहुण्यांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांची गुपितं कधीच शिळी झाली, अशा जागा तरी पाहाव्यात असं ठरवलं आणि जानेवारीत मुलीला घेऊन गोव्याला गेलो. मावसभाऊ फोंड्याला असतो. त्याला बेत सांगितला तर म्हणाला, "दादा, जुन्या गोव्यात लोक चर्च बघायला येतात. तू बंदुका बघायला येणारा पहिलाच."

बंदुका तिथे खरोखरच बनत होत्या. १५१० साली पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला, तेव्हा इथल्या लोहारांचे हात त्या कामाला आधीच सरावलेले होते. गोव्यातले कारागीर युरोपातल्या बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात, अशा अर्थाचं त्यानं १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं. त्या तोडेदार बंदुका होत्या. घोड्याच्या चिमट्यात पेटती जामगी, म्हणजे सावकाश जळणारी दोरी, धरायची, चाप ओढला की ती नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडायची आणि तिथून ठिणगी आत जायची. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर जी बंदूक पोचली, तिच्या चापाची घडण गोव्याच्या बंदुकांशी जुळते असं मानणारे अभ्यासक आहेत. मांडवीकाठच्या कुणा लोहाराची कानस जपानपर्यंत पोचली असेल, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता प्रवासाचं. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याला सतत बस असतात, अंतर दहाएक किलोमीटर. रायबंदरवरून नदीकाठानं जाणारीच बस धरा. स्वतःची गाडी असेल तर कदंब पठारावरच्या बायपासचा मोह टाळा. पहिल्या दिवशी आम्ही तिकडूनच गेलो आणि मुख्य ठिकाणच चुकवलं. पणजी सोडल्यावर जो लांबच लांब बांध लागतो, तो पोर्तुगीज वायसरॉय लिन्यारेसच्या कारकिर्दीत, १६३० च्या दशकात बांधलेला. पुढे ज्या दारूखान्याकडे, म्हणजे बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याकडे, आपण निघालोय, तोही त्याच्याच काळातला.

तो आहे पणेलीला, रायबंदर आणि जुनं गोवं यांच्या मध्ये. विचारताना 'दारूचा कारखाना' असं विचारू नका, गोव्यात लोक सरळ काजू फेणीच्या भट्टीवर पाठवतात. 'काझा द पोल्वोरा' म्हणा, जुन्या माणसांना कळतं. एका म्हाताऱ्या बाईंनी "हांगा कितें पळोवपाक आयल्यात?" असं विचारलं आणि आम्ही सांगितल्यावर स्वतः थोडं अंतर सोबत आल्या. उरलंय फार थोडं. दर्शनी दरवाजा आणि त्यावरचा पोर्तुगीज शिलालेख, एवढं डोळ्यांत साठवायचं. सोरा, गंधक आणि कोळसा कुटून कालवणारे हात कुणाचे होते, ते त्या दगडावर नाही. जिथे एक ठिणगी म्हणजे मरण, तिथे लोक रोज सकाळी कामाला जात होते. मला बाबांची काडेपेटी आठवली आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. पुढे शहरात रोगराई माजली तेव्हा वायसरॉय स्वतः पणेलीच्या याच परिसरातल्या वाड्यात राहायला आले आणि १७५९ साली पणजीला गेले, हेही तिथे उभं राहून आठवावं. आसपास वस्ती आहे. कुणाच्या अंगणात शिरू नका, आधी विचारा.

तिथून जुन्या गोव्यापर्यंत चालत गेलो. मुलं बरोबर असतील तर पायलटला, म्हणजे मोटारसायकलवाल्याला, विचारा किंवा पुढची बस धरा, कारण रस्ता अरुंद आणि वाहनं वेगात.

मुख्य शस्त्रागार होतं नदीकाठी, वायसरॉयच्या कमानीच्या पश्चिमेला. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशानं त्याचं वर्णन करून ठेवलंय: जहाजं बांधणारे, तोफा ओतणारे, टांकसाळ, ओझी ओढणारे हत्ती. आज तिथे झाडी, गवत आणि नदी आहे. निराश होऊ नका. नुसतं नदीकडे तोंड करून उभं राहिलात तरी जागा का निवडली ते उमगतं. तांबं बोटीतून थेट भट्टीपाशी येणार आणि तयार तोफ थेट जहाजावर चढणार, मध्ये चढ नाही की घाट नाही. बाबा असते तर त्यांनी आधी हेच पाहिलं असतं.

तोफ ओतायची रीत मुलीला तिथेच जमिनीवर काडीनं काढून दाखवली. मातीचा साचा खड्ड्यात उभा पुरायचा, तोंड वर आणि बूड खाली. तांब्या-कथलाचा रस वरून ओतला की वजनानं बुडाशी धातू घट्ट बसतो आणि स्फोटाचा दाब नेमका तिथेच येतो. तोंडाकडे वाढीव भाग ओतायचा आणि मग कापून टाकायचा, म्हणजे बुडबुडे आणि मळ त्यात निघून जातात. या ओतशाळेतला पेद्रू दियश बोकारू हा नावाजलेला ओतारी. त्याचा मुलगा मानुएल तावारिश बोकारू १६२० च्या दशकात मकावला जाऊन तिथली ओतशाळा चालवू लागला आणि पुढे मकावचा कारभारही त्याच्या हाती आला. पोर्तुगीज वंशाच्या उस्तादांची नावं अशी राहिली, भात्यावर बसणाऱ्या आमच्या माणसांची नाही. जवळच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातल्या पुरातत्त्व संग्रहालयात गव्हर्नर-वायसरॉयांची तैलचित्रं रांगेनं लावलेली आहेत, तीही याच नजरेनं बघा. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. चर्चमध्ये शिरायचं तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, साध्या चपलेनं जाऊ नका.

जेवण आम्ही परत पणजीत घेतलं. हुमण, भात, तळलेला बांगडा. मग फेरीनं बेतीला. पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत. तिथून वेऱ्याला रेइश मागुशचा किल्ला, कारण प्रत्यक्ष तोफा हाताशी बघायला मिळणारी ही सगळ्यात चांगली जागा. १५५१ साली बांधलेला हा किल्ला नंतर बरीच वर्षं तुरुंग होता, दुरुस्तीनंतर २०१२ साली लोकांसाठी उघडला. १७३९ साली सावंतवाडीच्या भोसल्यांनी बारदेश जिंकला तेव्हा हा आणि आग्वाद हे दोनच किल्ले पोर्तुगीजांकडे राहिले होते. सोमवारी जाऊ नका. चार वाजता गेलात तर ऊन उतरलेलं असतं आणि मांडवीचं अख्खं मुख दिसतं.

तोफेजवळ गेलात की आधी मागच्या बाजूचा कान शोधा, बत्ती द्यायचं ते बारीक भोक. मग दोन्ही अंगांना आडवे दांडे, ज्यांवर तोफ गाड्यावर झुलते. इथल्या तोफा लोखंडी आहेत. गोव्याच्या ओतशाळेचं नाव पितळेसारख्या दिसणाऱ्या काशाच्या तोफांसाठी होतं, आणि काशाची तोफ वितळवून पुन्हा पैसे होतात, म्हणून ती सहसा मागे उरत नाही. किल्ल्यांवर दिसतं ते लोखंड, हे गोव्यातच नाही तर सगळीकडेच. मुलांना तोफेवर बसवून फोटो काढू नका, मी दोन घरांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही. मुलीनं वीत लावून तोंड मोजलं आणि वहीत लिहून घेतलं.

एक दिवस जास्त असेल तर जुवे बेटावरचा किल्ला करा, आता पूल झाल्यानं गाडीनं जाता येतं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं तो रात्रीत घेतला, तेव्हा समोरच्या शस्त्रागाराचं शहर धास्तावलं होतं. आम्हाला वेळ पुरला नाही. मावसभावानं पुढच्या वर्षीची सुट्टी आत्ताच टाकून ठेवलीय, पाणी आणि टोपी घेऊन सकाळी आठला फोंड्याहून निघायचं ठरलंय.