चार डबे लटाकिया

रविवार, रात्री साडेदहा

आज पाइपच्या तंबाखूची ऑर्डर भरताना हात लटाकियावर गेला. झालं एवढंच, पण दुपारपासून चैन नाही.

बेसमेंटमध्ये दरवर्षी व्हर्जिनिया तंबाखूच उतरते. सॅम्युअल गॅविथचा फुल व्हर्जिनिया फ्लेक, ऑर्लिक, मधूनच पेरिक, म्हणजे आंबवलेली तिखट तंबाखू, घातलेला एस्कूडो. व्हर्जिनियात साखर भरपूर, म्हणून ती मुरते. कच्च्या गवताचा वास जाऊन सुक्या अंजिरावर येते. लटाकियाचं उलटं. धुरावर धरलेली ती पानं, बरणीत जितकी ठेवाल तितकी धुराची धार बोथट होणार. आणायची आणि ओढायची. इतक्या वर्षांत मी एका वेळी एका डब्याहून जास्त ती घेतलेली नाही. आज चार. आणि व्हर्जिनिया शून्य.

रिपोर्टचा काही संबंध नाही. त्यात तसं काही नव्हतंच. आणि नानांचं तर वेगळंच होतं.

मग हिशेब केला, करायला नको होता. पन्नास ग्रॅमच्या डब्यात साधारण वीस बाऊल, म्हणजे वीसदा पाइप भरतो. हिच्याशी झालेल्या तहाप्रमाणे आठवड्याला दोन. म्हणजे वर्षाला पाच डबे. खाली नव्वद आहेत. अठरा वर्षं. बासष्ट अधिक अठरा.

म्हणजे आता मुरायला ठेवण्यात अर्थ नाही, हे माझ्या आधी माझ्या बोटाला कळलं? हेच सलतंय. मन तयार नसताना बोटाने परस्पर ठरवून टाकलं. लोणचं घालणारी बाई वयाकडे बघून कैऱ्या कमी घेते का? आईने शेवटच्या वर्षीही दहा किलोंचं घातलं होतं. ते आम्ही पुढे... असो.

जेवण झाल्यावर खाली गेलो. गॅविथच्या चौकोनी डब्यांवर माझा भरवसा नाही. सील कधी सुटतं कळत नाही, आत तंबाखूचा पापड होतो. म्हणून ती आली की मेसन जारमध्ये, हवाबंद काचेच्या बरणीत, जाते, झाकणावर पट्टी, पट्टीवर तारीख. मागच्या रांगेत एक सापडली: ‘एप्रिल 2018. दहा वर्षं हात लावू नये.’ अक्षर माझंच, शाळामास्तरासारखं. त्या साली मॅक्लेलंड ही तंबाखू कंपनी बंद झाली आणि मी घाबरून दिसेल ते भरून ठेवत होतो. कुणावर ओरडत होतो त्या पट्टीवर? खाली माझ्याशिवाय उतरतं कोण?

उघडली. झाकण ‘टप्’ झालं. पानांवर पांढरे कण. आधी काळजात धस्स, बुरशी! दिव्याखाली धरलं. बुरशी केसाळ असते, कुबट वास मारते. हे साखरेसारखे चमकत होते. वास मनुकांचा. म्हणजे मास्तरांनी सांगितलेल्या मुदतीआधीच पोरगं पास.

एक फ्लेक, म्हणजे दाबलेल्या पानांचा काप, चोळून भरला. तहाबाहेरचा तिसरा बाऊल. चव? छान होती. दहा वर्षांनी याहून छान झाली असती का, कोण जाणे.

वर येऊन ऑर्डर पुन्हा उघडली. लटाकियाचे दोन डबे काढले, दोन राहू दिले. व्हर्जिनियाचे तीन टाकले. झाले पंच्याण्णव.

हिने विचारलं, “किती वेळ खाली? काय करत होतात?”

म्हटलं, “पट्ट्या बदलत होतो.”

“पाइपचा वास येतोय.”

तिसऱ्याचं ती उद्या काढेल.