४६ सेकंदांची शर्यत, अख्ख्या पावसाळ्याचा दाखला

जिल्हा पातळीवरच्या जलतरण स्पर्धेतून आमच्या क्लबची पोरं यंदा चांगली पदकं घेऊन आली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, टाळ्या, गुच्छ सगळं झालं. माझी नात ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तिसरी आली. अभिनंदनाचा फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, तुमच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का? लोकांना वाटतं, काकूंचं डोकं फिरलं. फिरलंच होतं, जूनपासून.

मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, सकाळची फास्ट पकडणारे. त्यामुळे मनूच्या पोहण्याचा सगळा कारभार माझ्याकडे. आम्ही भांडुपला राहतो, क्लब घराजवळ, टँक २५ मीटरचा, बॅच पहाटेची. मे महिन्यातली शिकाऊ मुलांची झुंबड ओसरली की सर स्पर्धेची पोरं वेगळी काढतात. यंदा त्यात मनू होती. सरांनी कागदांची यादी दिली: आधार कार्ड, फोटो, फिटनेस सर्टिफिकेट, जन्मदाखला. त्यावरून भारतीय जलतरण महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी करायची, खेळाडूचा नंबर मिळवायचा आणि मग प्रवेशिका भरायची.

पोहण्यात दाखल्याचं एवढं काय, असं मलाही कुणी मागच्या वर्षी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. वयोगटाच्या स्पर्धेत गट ठरतो जन्मसालावरून. आमची मनू २८ डिसेंबरची. म्हणजे तिच्याच सालातल्या जानेवारीच्या मुली तिच्याहून जवळजवळ वर्षाने मोठ्या. या वयात वर्षभराने मुलगी केवढी उंच होते, ते शेजारच्या लेनमध्ये बघितलं की कळतं. चार दिवस उशिरा जन्मली असती तर पुढच्या सालात धरली गेली असती आणि तिच्या गटात तीच थोराड ठरली असती. मुलांचं वय कमी दाखवून खालच्या गटात उतरवणारे महाभाग असतातच, म्हणून सर या बाबतीत कडक. "शाळेचं बोनाफाईड चालेल का?" मी विचारून पाहिलं. "नाही चालणार काकू. दाखलाच लागेल." मला राग नाही आला. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. सही जुळत नाही म्हणून मीही लोकांना परत पाठवलं आहे.

कपाटातून दाखला काढला. तारीख बरोबर, हॉस्पिटल बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. बाळाच्या नावासमोर मात्र कोरं.

यात नवल काही नाही, पुष्कळ घरांत असा दाखला असतो. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, ती हॉस्पिटल देऊन टाकतं. आमच्याकडे सुनेच्या आजोबांचं सुतक आलं, बारसं लांबलं, तोवर नोंद होऊन दाखला हातात. त्याच दाखल्यावर शाळेत प्रवेश झाला, आधार झालं. त्या कोऱ्या जागेशी इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

कायद्यात याची सोय आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण हे काम राहत्या वॉर्डात होत नाही, जन्म ज्या वॉर्डात झाला तिथेच जावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सूनबाईंचं माहेर पश्चिम रेल्वेवर. म्हणजे दरवेळी दादरला गाडी बदला, पूल चढा, पूल उतरा.

त्या ऑफिसचं नाव घेत नाही. तिथल्या खिडक्यांना काच आहे आणि बोलायचं भोक बरोबर कमरेच्या उंचीवर. त्यामुळे आत बसलेल्या माणसाशी बोलायचं तर प्रत्येकाला वाकावंच लागतं. माझ्या पुढचे एक गृहस्थ तर कान लावायला वाकायचे आणि बोलायला उभे राहायचे, त्यामुळे आतल्याला एक शब्द ऐकू जात नव्हता.

माझा नंबर आला. खिडकीतल्या मुलाने कागद चाळले.

"आजी, आईचं नाव जुळत नाही."

"अहो, ते माहेरचं आहे. तेव्हा तिचे सगळे कागद माहेरच्या नावाचेच होते. आधारवर नाव नंतर बदललं."

"मग आधी आईच्या नावाची दुरुस्ती करून घ्या. ती झाली की बाळाच्या नावाचा अर्ज द्या. त्या पलीकडच्या मॅडमकडे."

पलीकडच्या मॅडमनी दाखला उलटसुलट पाहिला. "यात चुकलंय काय? बाळ झालं तेव्हा आईचं कागदावर हेच नाव होतं ना? चुकलेलं असेल तर दुरुस्त करतात. बरोबर असलेलं मी कसं बदलू?"

मॅडमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, पंचाईत झाली ती तिथेच. मी परत पहिल्या खिडकीत. तो म्हणे, दुरुस्ती झाल्याशिवाय माझ्याकडे अर्ज घेता येत नाही. दोघांच्या मध्ये एक वॉटर कूलर, तोही बंद. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकदा आपसात बोलून घ्या की. तर म्हणाला, "मॅडमचं टेबल वेगळं आहे."

पुढचे आठवडे हेच चाललं होतं. एकदा त्याच्या जागी दुसरी मुलगी होती, तिने प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. आणलं. तोवर पहिला रजेवरून परतला होता. त्याने प्रतिज्ञापत्र बघितलंसुद्धा नाही, "हे कशाला आणलंत?" म्हणाला. बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी एक इसम रोज उभा असायचा, लॅपटॉपची बॅग खांद्याला. तो मला ओळखायला लागला. "मावशी, कशाला त्रास घेता, मी दोन दिवसांत हातात आणून देतो." पैसे देऊन सुटायचा मोह होत नव्हता असं नाही. पण त्या इसमाला जे दोन दिवसांत जमतं ते खिडकीला का जमू नये, या विचाराने माझं पित्त खवळायचं आणि मी तशीच पुढे जायचे.

यावरचा निर्णय वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांचा, म्हणून साहेबांना भेटायचं ठरवलं. साहेब फिल्डवर. पुन्हा गेले, पुन्हा फिल्डवर. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूचं काम असतं, गच्चीवरच्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायच्या असतात. त्यांनी खुर्चीत बसून राहावं असं मी म्हणणार नाही. पण भेटायची वेळ दारावर लिहायला काय जातं? शिपाई म्हणायचा, "येतील, सांगता येत नाही." एकदा तर शीव-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी भरलं, मी गाडीतच अडकले आणि अर्ध्या वाटेतून घरी. इकडे सर रोज सकाळी टँकवर विचारणार, "काकू, दाखला?" मनूने विचारणं सोडून दिलं होतं, ते मला जास्त लागत होतं.

शेवटी मी बँकेतली विद्या बाहेर काढली. एका पानाचा अर्ज लिहिला. अमुक खिडकीवर हे सांगितलं, तमुक खिडकीवर त्याच्या उलट सांगितलं. माझ्या अर्जात नेमकं कोणतं कागदपत्र कमी आहे ते कृपया लेखी कळवावं. तारीख, सही, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. आणि तो अर्ज खिडकीत न देता आवक-जावकला दिला, माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला. आवकवाला म्हणाला, "ठेवा ना, पोच कशाला?" मी हलले नाही. बँकेत आम्ही आरडाओरडा करणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी घाबरलो नाही. शांतपणे पोच मागणारं गिऱ्हाईक आलं की मात्र मॅनेजरसुद्धा केबिनमधून उठून यायचे.

त्यानंतर आठवडा उलटायच्या आत सुनेला फोन. साहेबांनी बोलावलं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं, त्यात तिचं माहेरचं नाव होतंच. म्हणाले, आईची नोंद बरोबर आहे, तिला हात लावायचा नाही. या प्रमाणपत्राची प्रत जोडा, दोघा पालकांच्या सह्या घ्या आणि बाळाचं नाव घाला. एवढंच! पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जूनमध्ये हे कुणी सांगितलं असतं तर मी पावसाळ्यात घरी भजी तळली असती.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर विवाह प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी न्या, मागितलं नाही तरी. आई-वडील दोघांनी एकाच दिवशी रजा टाकून जा, आजीच्या सहीने भागत नाही. आणि दाखला छापण्याआधी ऑपरेटरला स्क्रीन वळवायला सांगा, नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. आमच्या वेळी एक अक्षर जास्तीचं पडलं होतं, ते तिथल्या तिथे काढलं. छापून झाल्यावर कळलं असतं तर पुन्हा पलीकडच्या मॅडम!

फिटनेसचं राहिलंच. आमचे फॅमिली डॉक्टर होमिओपॅथीचे, मनूला जन्मापासून तेच बघतात. क्लबला एमबीबीएस डॉक्टरचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा होता. फॉर्म नीट वाचून मगच दवाखान्यात जा.

प्रवेशिकेची मुदत संपायच्या बेतात होती तेव्हा सेक्रेटरींनी मनूचं नाव घातलं. आधीची अधिकृत वेळ नाही, त्यामुळे ती पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे एकत्र पोहणाऱ्या मुलींच्या पहिल्याच तुकडीत गेली. वेगवान मुली शेवटच्या हीटमध्ये ठेवतात, आणि त्यातही सगळ्यात वेगवान मुलगी चौथ्या लेनमध्ये. वेळ न दिलेली पोरं सुरुवातीला उरकून घेतात. टँक ५० मीटरचा. आमच्या पोरांना २५ मीटरची सवय, म्हणजे मध्ये एक टर्न, भिंतीला पाय लावून घ्यायचा तेवढाच आधार. इथे ती भिंतच नाही. निम्म्यावर मनूचं डोकं किंचित वर आलं, भिंत शोधत असावी, आणि मग तिने सुसाट हात मारले. दोन्ही हात एकदम लावले, ४६ सेकंद आणि थोडं. हीटमध्ये पहिली.

पण फायनल वेगळी नव्हती. सगळ्या हीटच्या वेळा एकत्र करून क्रमांक काढणार होते. म्हणजे पुन्हा थांबा! ओला टॉवेल गुंडाळून बसलेल्या पोरीला सर विरधवल खाडेची गोष्ट सांगत होते. कोल्हापूरचा मुलगा, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ. १९८६ मध्ये खजान सिंगने सोल आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, त्यानंतर भारताला जलतरणात आशियाई पदक मिळायला २४ वर्षं लागली. पुढे विरधवल तहसीलदार झाला. मी म्हटलं, म्हणजे दाखल्यांतून तोही सुटला नाही. सर हसले, मनूला कळलं नाही. शेवटच्या हीटमधल्या दोघीच तिच्या पुढे गेल्या. निकालाचा कागद भिंतीवर लागला तेव्हा तिच्या नावासमोर तीन होते आणि नाव पूर्ण, आडनावासकट छापलेलं. त्या कागदाचा फोटो मी पदकाआधी काढला.

बाकी निकाल थोडक्यात. मोठ्या मुलांची ४ गुणिले ५० फ्रीस्टाइल रिले दुसरी आली. बॅकस्ट्रोकमध्ये मुलींना एक सुवर्ण. एक मुलगा ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दुसरा येऊन बाद झाला, शेवटी एकच हात लावला म्हणून. त्याच्या आईने पंचांशी हुज्जत घातली, पण नियम तो नियम. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. तो बिचारा स्वतः काही बोलला नाही, गॉगल काढून कपडे बदलायला गेला.

आता पुढचं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, त्यांची नावं शाळेमार्फतच जातात, क्लबमार्फत नाही, पी. टी.च्या सरांना आत्ताच भेटून ठेवा. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे मोठी पोरं जाणार आहेत. मनूचाही हट्ट चालू आहे. खाऱ्या पाण्यात लाटांवर श्वास कोणत्या बाजूने घ्यायचा याचा सराव झाल्याशिवाय सर सोडणार नाहीत, आणि मीही नाही. एप्रिलपासून शिकाऊ बॅच सुरू होतील, त्यांचे फॉर्म मार्चमध्येच संपतात. त्याआधी क्लबची आपली अंतर्गत शर्यत आहे. तिथे प्रत्येक लेनला स्टॉपवॉच धरायला माणूस लागतो आणि सेक्रेटरी पालकांतून नावं मागताहेत. मी चौथ्या लेनसाठी नाव दिलंय, आणि त्यांच्याकडून यादीवर सहीसुद्धा घेतली आहे.