झुरिचमधलं मादागास्कर

झुरिच स्टेशनसमोरून सुटणारी सहा नंबरची ट्राम चढ चढत थेट झूपाशी नेऊन सोडते. आम्ही गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. कानटोपी, हातमोजे, जाड कोट असा सगळा जामानिमा. मासोआला हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफच धरली. हवा थेट जूनमधल्या कोकणासारखी, अंगाला चिकटणारी. कोट काखेत घेऊन निघालो.

मासोआला हे मादागास्करच्या ईशान्येचं द्वीपकल्प. तिथल्या पर्जन्यवनाचा सुमारे ११,००० चौरस मीटरचा तुकडा इथे २००३ पासून छताखाली वाढतोय. छत ३० मीटर उंच, पारदर्शक फॉइलच्या हवा भरलेल्या उशांचं. त्यावर पडलेलं पावसाचं पाणी साठवायचं आणि तेच आत पाऊस पाडायला वापरायचं. स्विस लोक काही वाया घालवत नाहीत!

आत पिंजरे नाहीत. म्हणूनच प्राणी सहजासहजी दिसत नाहीत. पुष्कळ मंडळी भराभर चालतात, पानं बघतात आणि 'इथे काहीच नाही' म्हणत उपाहारगृह गाठतात. सेशेल्समधल्या आल्डाब्रा बेटाची प्रचंड कासवं तेवढी सगळ्यांना दिसतात, कारण ती कुठे जात नाहीत. सरडगुहिरा (म्हणजे शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा) मात्र समोरच्या फांदीवर असून दिसेना. एक डोळा फिरला, तेव्हा सापडला.

झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारी वाट २०१३ मध्ये झाली. दोन मनोरे आणि मधला पूल. मला विचाराल तर सगळा पैसा इथे वसूल. रॉड्रिग्जची वटवाघळं इथूनच नीट न्याहाळता येतात. रॉड्रिग्ज म्हणजे आपल्या मराठी मंडळींच्या मॉरिशसचंच बेट. जंगलतोड आणि वादळांमुळे १९७०च्या दशकात ही वटवाघळं शंभराच्याही खाली गेली होती.

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. एकानं सुरू केला, बाकीच्यांनी उचलून धरला. तांबडे रफ्ड लेमूर, मादागास्करचे माकडांसारखे प्राणी! विटकरी अंग, काळं तोंड, मानेवर पांढरा ठिपका. जंगलात हा प्राणी मासोआला आणि त्याच्या लगतच्या भागातच उरलाय, तोही अतिसंकटग्रस्त. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला हे झू पैसे पुरवतं, ही मला या छताखालच्या जंगलापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

जाणार असाल तर आत पातळ शर्ट घाला, दुर्बीण घ्या आणि सकाळी उघडल्या उघडल्या शिरा. दुपारी शाळांच्या सहली येतात, मग लेमूरसुद्धा गप्प बसतात.