फुटाला एक सूत

आंबोली घाट चढताना एसटीच्या खिडकीतून मी दरी पाहिलीच नाही. मांडीवर वही होती आणि वहीतलं एकच पान मी पुन्हा पुन्हा वाचत होते: बेअरिंग, चाकं, रबर, टेबल, तडे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक जुना १८ इंची चाकांचा बँडसॉ विकायचा आहे, असा निरोप आला होता. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत.

मी सावंतवाडीत लाकडी वस्तू बनवते. वळणदार कापणी आजवर जिगसॉवर, म्हणजे हातात धरायच्या विजेच्या करवतीवर चालायची. पण जाड लाकडात त्याचं पातं वाकतं. वरची रेघ बरोबर येते आणि खालची भलतीकडे जाते. चांगला नवा बँडसॉ परवडत नव्हता, आणि परवडणारे सगळे पत्र्याचे. मला बिडाचाच हवा होता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जड असतं, यंत्राची थरथर स्वतःत जिरवतं.

आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लजपर्यंत रस्त्याच्या आसपास राहते. जानेवारीत उसाच्या गाड्यांमागे एसटी अडकते, त्यामुळे पोचायला दुपार झाली.

उद्यमनगर म्हणजे लेथचा आवाज, कापलेल्या लोखंडाचा वास आणि दारात रचलेले ऑइल इंजिनचे सुटे भाग. उसाला पाणी देणारी इंजिनं आणि रस काढणारे चरक या शहरानं बनवले, त्यासाठी फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने उभे राहिले. फाउंड्री म्हटली की पॅटर्नवाला सुतार आलाच. बिडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा. मी ज्यांच्याकडे गेले ते काका असेच पॅटर्न करणारे. आयुष्यभर त्याच बँडसॉवर त्यांनी नमुने कापले. आता त्यांच्याकडची कामं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर जातात, मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता.

"भंगारात घालायला जीव होईना बघा, ताई," काका म्हणाले. "बसा की. च्या घ्या, मग बघा निवांत."

चहा घेतला आणि वही उघडली. पट्टा काढून वरचं चाक हातानं फिरवलं, मग दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवलं. खेळ होता, म्हणजे बेअरिंग गेलेली. त्याची काळजी नाही, ती बाजारात मिळतात. चाकांवरचं रबर दगडासारखं कडक झालेलं. तेही बदलता येतं. खरी भीती तड्यांची. काकांनी छोटी हातोडी दिली. सांगाड्यावर हलकेच ठोकत गेले. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. सांगाडा वरपासून खालपर्यंत स्वच्छ वाजला. टेबलावर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री सरकवून पाहिली. गंज होता, पण टेबल सपाट होतं.

मग टेबलाखाली बॅटरी मारली. टेबल तिरकं करायची अर्धगोल बैठक दोन तुकड्यांत होती, तारेनं बांधलेली.

मी वही मिटली. हा सुटा भाग कुठे मिळणार? बिडाला वेल्डिंग करायचं तर तापवणं, निवणं सगळं सांभाळावं लागतं, नाहीतर शेजारी नवा तडा जातो. शिवाय या बैठकीवर टेबलाचं सगळं वजन येतं.

काकांनी ते दोन तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले आणि भिंतीवरची एक पट्टी उतरवली. दिसायला साधी स्टीलची फूटपट्टी. माझी पट्टी शेजारी ठेवायला लावली. दोन्हींवर बारा इंच, पण त्यांचे बारा इंच माझ्यापेक्षा एक सूत लांब! ही श्रिंकेज स्केल. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीच लांब आखलेली. तुटलेला तुकडाच वाळूत दाबला असता, तर अडीचशे मिलिमीटरच्या भागात अडीच मिलिमीटर कमी पडले असते आणि अर्धगोल बसलाच नसता.

त्या क्षणापर्यंत मी यंत्राकडे लोखंडी वस्तू म्हणून पाहत होते. मग नजर सांगाड्यावरून फिरली: चाकांच्या आऱ्या, टेबलाखालच्या फासळ्या, पायाची कमान. यातलं प्रत्येक वळण आधी कुणा सुतारानं लाकडात काढलं होतं, पटाशीनं, पॉलिशपेपरनं. लाकूड कापणारं हे यंत्र स्वतः आधी लाकडाचं होतं. मी व्यवहार तिथेच पक्का केला.

पॅटर्न काकांनीच केला, सागवानाचा, त्याच बँडसॉवर, बैठक तारेनं बांधलेली असताना. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा तो टेबलावर होता. बाजूंना किंचित उतार, म्हणजे वाळू न मोडता नमुना वर निघतो. जिथे लेथवर घासायचं तिथे तीन मिलिमीटर जादा. आणि आतल्या कोपऱ्यात पहिल्यापेक्षा मोठी गोलाई. "जुनं हितंच तुटलंय," काका बोट ठेवून म्हणाले. धारदार कोपऱ्यात ताण साठतो. मूळ भागात ती गोलाई फारच कमी ठेवलेली होती.

फाउंड्रीत रस ओतताना मी दाराशी उभी होते. नारिंगी धार पेटीत उतरली, वाळूच्या भोकांतून निळसर ज्वाळा निघाल्या आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी वाळू फोडून काढलेली करडी बैठक हातात घेतली. हातोडीनं वाजवली. घंटा!

टेबल सोडवून, बँडसॉ आडवा बांधून टेम्पोनं आणला. उभं ठेवलं असतं तर वरच्या चाकाच्या वजनानं घाटातल्या वळणावर कलंडायची भीती. आजऱ्यात थांबून चालकदादांनी घरासाठी घनसाळ तांदूळ घेतला आणि मी दोर पुन्हा आवळले. आंबोली उतरताना मी सगळा वेळ मागच्या काचेतून पाहत होते, दरी याही खेपेला राहिली.

पुढचा महिना साफसफाईत गेला. टेबल रॉकेल आणि कार्बोरंडमच्या दगडानं घासून वर मेण चोळलं. बेअरिंग बदलली. चाकांवर नवं रबर चिकटवून, चाक फिरतं ठेवून पॉलिशपेपरनं मधोमध हलका उंचवटा काढला. पट्टा मध्यावर राहतो तो त्यामुळेच. मोटर थ्री फेजची, घरी सिंगल फेज, म्हणून मोटरची जोडणी स्टारची डेल्टा, म्हणजे कमी व्होल्टेजला चालेल अशी केली आणि सिंगल फेजचं थ्री फेज करणारा ड्राइव्ह बसवला. चाक मिनिटाला सातशे फेरे घेतं, म्हणजे पट्टा साधारण हजार मीटर धावतो. लाकडाला तेवढा पुरे. सांगाड्याचा मूळ हिरवा रंग मी खरवडला नाही. काकांचा हात जिथे टेकायचा तिथे तो झिजून खालचं बीड चकाकतं, ती जागा मला तशीच हवी आहे.

पहिला काप पांगाऱ्यात घेतला, सहा इंच जाडीत. वरची रेघ आणि खालची रेघ जुळली. संध्याकाळी काकांना फोन केला. बोलण्याआधी त्यांनी यंत्र चालू करायला सांगितलं आणि बराच वेळ फोनवरून नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाइड जरा घासतंय, उजव्या अंगाला."

खरंच घासत होतं. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे ते ठोकळे आता मी खैराच्या लाकडाचे बसवले आहेत.