तुम्ही विचारलंत म्हणून : बॅटरी कोणती घातलीत?

मंडळाच्या सहलीत आमचं मोटरहोम दिसलं की कुणीतरी विचारतंच, "आतल्या दिव्यांना, पंप-हीटरला बॅटरी कोणती? कटकट नको असलेली सांगा." म्हणजे इंजिनाची नव्हे, घराची.

पुण्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं हे बाबांचं खास काम. त्याच सवयीने मिनेसोटात मी गोल्फ कार्टच्या 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या आणि सिरीजमध्ये जोडल्या. पाणी कधी विसरलो नाही. दगा दिला थंडीने. ऑक्टोबरात सगळं बंद करून गाडी अंगणात लावली, पण गॅसचा अलार्म थेंबथेंब वीज पीतच राहिला. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50लाही गोठत नाही. बॅटरी उतरली की ते जवळजवळ पाणीच होतं, उणे 10च्या आसपासच गोठतं. मार्चमध्ये बघतो तर एकीचं खोकं उभं तडकलेलं.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, 100 अँपिअर-अवरच्या दोन. त्या आधीच्या, शिसाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची. हिच्यातली बहुतेक सगळी वापरता येते, आणि एक जेमतेम 12-13 किलोची. हीटरचा पंखा 7 अँपिअर घेतो, रात्री निम्मा वेळ जरी फिरला तरी सकाळी काळजी नसते.

पण कटकट संपत नाही, जागा बदलते. शून्याखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही, आत धातूचं लिथियम साचून ती कायमची बिघडते. म्हणून बाहेरच्या पायरीखालून उचलून मी ती पलंगाखाली आणली. इंजिन आणि हिच्या मधे करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा, नाहीतर ही अधाशासारखी वीज ओढते आणि इंजिनावरचा वीज बनवणारा अल्टरनेटर तापतो. जुना चार्जरही बदलावा लागला. व्होल्टमीटरवर तर विसंबूच नका : जवळजवळ उतरेपर्यंत आकडा 13च्या आसपास हलत नाही. शंट, म्हणजे तारेतून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा, लावून अँपिअर मोजा. बॅटरीइतकेच पैसे या लटांबराला गेले, हे बायकोला अजून नीटसं सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात निम्मी भरून निगेटिव्ह तार काढतो, एप्रिलपर्यंत बघत नाही.

तुम्ही दरवेळी कॅम्पग्राउंडवर प्लग लावूनच राहणार असाल, तर मात्र एजीएम, म्हणजे शिसाचीच पण सीलबंद बॅटरी, घ्या. पाणी नको, जुना चार्जर बहुधा चालतो. फक्त अर्धवट उतरलेली महिनोन्‌महिने ठेवू नका. आणि अलार्मची तार काढायला विसरू नका.