मॉरिस मायनर १९५७ : बॉनेटखालच्या वायरी, तिसरा आणि चौथा रविवार

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, की फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) वायरी ओळखल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. ते काम आता जवळपास झालंय. आपल्यापैकी अनेकांकडे याच काळातल्या ल्युकास (गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) वायरिंगच्या गाड्या आहेत, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

गाडी मायनर १०००, ९४८ सीसी इंजिन. मूळ वायरी सुती वेष्टणाच्या, आणि साठेक वर्षांच्या तेल-धुळीनं सगळ्या एकसारख्या काथ्याच्या रंगाच्या झालेल्या. त्यात कधीतरी कुणीतरी आठ-दहा ठिकाणी सरसकट लाल वायर जोडली होती. नाना पेठेत थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि वायरी जोडायचे बुलेट कनेक्टर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात बसलेल्या एका वयस्कर वायरमन काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "अहो, रंग बघत बसू नका. करंट कुठून येतो ते आधी शोधा, मग वायर आपोआप सापडते." मी तसंच केलं.

रंग मात्र पूर्ण गेलेला नसतो, हे सांगायला हवं. थिंबलजवळची रबरी स्लीव्ह मागे सरकवली की आतला अर्धा-पाऊण इंच भाग उजेडापासून आणि तेलापासून वाचलेला असतो. रॉकेलचा बोळा हलकेच फिरवला तर तपकिरी, पिवळा, पिवळ्यावर हिरवा धागा असं स्पष्ट दिसतं. डायनमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, वायरी मला अशाच सापडल्या: जाड ती पिवळी, बारीक ती पिवळी-हिरवी. नंतरच्या ब्रिटिश गाड्यांत या तपकिरी-पिवळ्या आणि तपकिरी-हिरव्या झाल्या, त्यामुळे नव्या गाडीचा तक्ता समोर ठेवून १९५७ ची गाडी वाचू नका.

सुरुवात बॅटरीपासून. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. मल्टिमीटरची लाल पिन बॉडीला लावायची आणि काळी वायरीला, म्हणजे आकडा सरळ येतो. बॅटरीची जाड केबल खेचायच्या स्टार्टर स्विचवर जाते आणि तिथूनच एक तपकिरी वायर कटआउटच्या (डायनमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीच्या) ए या टोकावर येते. पुढे ए१ वरून दिव्यांचा आणि इग्निशनचा पुरवठा निघतो. डी आणि एफ ही डायनमोची टोकं, ई म्हणजे अर्थ.

इथं मी पूर्ण एक संध्याकाळ अडकलो. फ्यूजच्या डबीवरही ए१, ए२, ए३, ए४ अशी अक्षरं आहेत. कटआउटचा ए१ वेगळा, डबीचा ए१ वेगळा, पण पहिल्याकडूनच दुसऱ्याला करंट मिळतो. माझ्या कागदावर दोन्ही एकच धरले गेले होते आणि हिशेब काही जुळेना. शेवटी टॅगवर 'क-ए१' आणि 'फ-ए१' असं लिहिलं आणि गुंता सुटला. ए१-ए२ मधला फ्यूज कायम जिवंत, हॉर्न त्यावर. ए३-ए४ मधला किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो. ए३ ला पांढरी वायर येते आणि ए४ वरून हिरव्या निघतात: पेट्रोलचा काटा, वायपर, ब्रेकलाइट, वळायची दिशा दाखवायला हात वर करणारे ट्रॅफिकेटर. एसयू कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाला फ्यूज नाही, तो थेट पांढऱ्यावर. किल्ली फिरवली आणि पंपानं टकटक सुरू केली, तेव्हा ती पांढरी वायर वेगळी तपासायची गरजच उरली नाही.

डी वर दोन पिवळ्या वायरी होत्या. एक डायनमोकडे जाणारी, दुसरी डॅशबोर्डवरच्या, चार्जिंग होत नसताना पेटणाऱ्या लाल दिव्याकडे. कोणती कुठली? दोन्ही काढल्या, मीटरनं खात्री केली की त्यात थेट बॅटरीची वायर नाही, किल्ली ऑन केली आणि एकेक टोक बॉडीला टेकवलं. जिनं लाल दिवा पेटला ती दिव्याची. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची तपासणी मी दुसरी पाहिली नाही.

कॉइलबाबत, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाबाबत, मात्र सगळ्यांनी लक्ष द्या. जुन्या ल्युकास कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात: एसडब्ल्यू स्विचकडे, सीबी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) पॉइंटकडे. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी अधिक-उणे खुणांची नवी कॉइल बसवली होती आणि सवयीनं अधिकचं टोक स्विचला जोडलं होतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अधिकचं टोक डिस्ट्रिब्युटरला जायला हवं. उलट जोडली तरी इंजिन चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग ठिणगीची दिशा उलटते. प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकावरून निघायची ती बाहेरच्या थंड टोकावरून निघते आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं. चढावर गाडी खोकायची, मी बिचाऱ्या कार्बोरेटरला दोष देत होतो. दोन वायरी अदलाबदल केल्या आणि परवा कात्रजचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये न खोकता चढला.

डायनमो चार्ज करत नव्हता. डी आणि एफ एकमेकांना जोडून मीटर लावला, इंजिन हळूहळू वाढवलं, काटा हलेना. खूप वर्षं पडून राहिल्यानं आतलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं असावं. डायनमोवरच्या दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या जिवंत म्हणजे निगेटिव्ह टोकापासून घेतलेल्या वायरीनं एफ ला दोन-तीनदा क्षणभर स्पर्श केला. बारीक ठिणगी उडाली. सगळं परत जोडून इंजिन चालू केलं, थोडा ॲक्सिलरेटर दिला आणि लाल दिवा मंद होत होत विझला. बायकोला हाक मारून दाखवला.

तेवीसपैकी एकवीस वायरींना टॅग लागलेत. उरलेल्या दोन डाव्या हेडलाइटच्या मागे टेपमध्ये गुंडाळलेल्या आहेत, एकीत करंट नाही आणि दुसरीत फक्त डिप केल्यावर येतो. दुसरी निळी-लाल असणार, पुढच्या रविवारी स्लीव्ह सरकवून बघतो. पहिलीबद्दल कुणाच्या मायनरमध्ये त्या जागी काय आहे, फोटो असेल तर जरूर पाठवा.